गीझर चालू, पण पाणी कोमट: नवा घेण्याआधी या क्रमानं बघा

दिवाळी सरते, पहाटे गारठा जाणवायला लागतो आणि आमच्या सोसायटीत माझा फोन वाजतो. "काका, गीझर गेला वाटतं. नवाच घेऊ का?" भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला नोकरी झाली, त्यामुळे पान्हे आणि मल्टिमीटर घरात असतातच. दर हिवाळ्यात शेजारपाजारचे दहा-बारा गीझर तरी माझ्या हातून उघडले जातात. त्यातले खरोखर बदलण्याजोगे थोडेच असतात. बाकीच्यांचं दुखणं बहुतेक एकच, आणि ते नवा गीझर आणला तरी वर्ष-दोन वर्षांत परत येतं, कारण दुखणं गीझरचं नसून आमच्या बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याचं आहे.

खाली लिहिलंय ते विजेच्या साठवण गीझरबद्दल, म्हणजे १० ते २५ लिटरची टाकी भिंतीवर टांगलेली असते तो. गॅस गीझरबद्दल शेवटी थोडं सांगतो, तेही सावध करण्यापुरतंच.

लक्षणं

तक्रारी ठरलेल्या असतात:

– दिवा लागतो, अर्धा तास होऊन जातो, तरी पाणी कोमटच.
– पहिली अर्धी बादली कढत, मग एकदम गार.
– गार नळाला जोर आहे, गरम नळाला करंगळीएवढी धार.
– गीझरमधून आधण ठेवल्यासारखा सूं आवाज, मधूनच टकटक. बादलीच्या तळाशी पांढरी कचकच.
– दिवाच लागत नाही.
– गीझर लावला की घरभर अंधार.
– खाली थेंब थेंब गळतंय.
– नळाला हात लावला की झिणझिण्या.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं वाचत बसू नका. एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा, भार वाढला की आपोआप पडणारा खटका) पाडा, घरातल्या सगळ्यांना सांगा, आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत बाथरूममधल्या कुठल्याही धातूच्या नळाला ओल्या हातानं शिवू नका. वायर जळाल्याचा वास किंवा गरम नळातून वाफेचे फटकारे येत असतील तरीही हेच. वाफ येत असली तर वीज बंद करून टाकी आपोआप थंड होऊ द्या. तोवर गीझरशी काही खटपट नको.

आधी थोडं गणित

बिघाड आहे की अपेक्षा जास्त आहे, हे पाहायला खर्च शून्य. १५ लिटरची टाकी आणि २ किलोवॉटची कॉइल (पाणी तापवणारा भाग) असेल, तर २० अंशांचं पाणी ६० अंशांवर जायला साधारण २१ मिनिटं लागतात. २५ लिटरला ३५. तीन मिनिटांत पाणी देणारा छोटा इन्स्टंट गीझर स्वयंपाकघरात पाहिलेला असतो, म्हणून बाथरूममधला 'मंद' वाटतो. १५ लिटर कढत पाण्यात तेवढंच गार मिसळलं की आंघोळीजोगं ३० लिटर होतं, म्हणजे मोठी दीड बादली. पाठोपाठ तिघं आंघोळीला गेले आणि तिसऱ्याला गार पाणी आलं, तर गीझर निर्दोष आहे.

व्होल्टेजही बघा. २३० च्या जागी १९० व्होल्ट येत असतील तर २ किलोवॉटची कॉइल जेमतेम १.४ किलोवॉट काम करते आणि २१ मिनिटांची ३० होतात. गावाकडच्या घरांत संध्याकाळी हे हमखास होतं, आणि बिचारा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरल्याइतकं तापलं की वीज तोडणारा भाग, बदलला जातो.

पहिली तपासणी: गीझरचा कॉक बंद करा

ही तपासणी मला उशिरा सुचली, याची मला अजून लाज वाटते. आमच्याच इमारतीत एका आजींकडे पाणी कोमट यायचं. मी थर्मोस्टॅट बदलला. आठवड्यानं पुन्हा तेच. दुसरा बदलला. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला सहज गीझरमधून निघणाऱ्या पाईपला हात लावला तर चटका बसला. गीझरमधून कढत पाणी निघत होतं आणि चार फुटांवरच्या नळात ते कोमट होत होतं. वाटेत कुठूनतरी गार पाणी घुसत होतं.

कसं तपासायचं: गीझरचं बटण बंद करा. गीझरला गार पाणी देणारा अँगल कॉक पूर्ण बंद करा. आता गरम पाण्याचा नळ उघडा. थोडं पाणी येऊन धार थांबली पाहिजे. टाकी रिकामी होईल ही भीती नको. गरम पाण्याची नळी टाकीत वरपर्यंत गेलेली असते. खालून गार पाणी ढकलल्याशिवाय वरचं बाहेर पडत नाही. कॉक बंद असूनही नळ वाहतच राहिला, तर ते पाणी गीझरचं नाहीच. गार लाईन आणि गरम लाईन कुठेतरी एकमेकींना भेटली आहे.

बहुतेक वेळा हा उद्योग मिक्सरचा, म्हणजे गार-गरम पाणी मिसळणाऱ्या नळाचा, असतो. शॉवरच्या टोकाला बंद करायचा खटका असतो; लोक खटका दाबून पाणी थांबवतात आणि भिंतीवरच्या दोन्ही चाव्या उघड्याच राहतात. मग जास्त जोराचं गार पाणी मिक्सरमधूनच गरम लाईनीत शिरतं. बेसिनच्या एका दांड्याच्या नळाचं आतलं कार्ट्रिज झिजलं तरी असंच होतं. चाव्या नीट बंद करायची सवय लावली किंवा कार्ट्रिज बदललं की काम झालं. त्या आजींना मी दोन्ही थर्मोस्टॅटचे पैसे परत केले. त्यांनी त्याचे लाडू करून पाठवले.

दुसरी: धार बारीक असेल तर

गार नळाला जोर आहे आणि गरमच बारीक आहे, तर नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा. आतून तांदळाच्या कणीसारखे पांढरे खडे पडतील. जाळी आणि शॉवरची चाळण रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकून ठेवा. त्यानं फरक पडला नाही तर अँगल कॉक बंद करून गीझरची कनेक्शन पाईप सोडवा आणि तिचे दोन्ही वायसर बघा. जुना रबरी वायसर फुगून निम्मं भोक बुजवतो. तिसरी जागा म्हणजे गार पाण्याच्या तोंडावरचा पितळी व्हॉल्व्ह. त्यात क्षाराचा खडा अडकला तर आतली झडप अर्धवटच उघडते.

हे खडे आले कुठून, हा प्रश्न मात्र सोडू नका. ते टाकीतून आले आहेत. म्हणजे आत याहून जास्त साठलेत.

तिसरी: दिवा लागत नसेल तर

आधी एमसीबी, मग बोर्डावरचं बटण, मग पिन. गीझरचा पॉवर पॉइंट १६ अँपिअरचाच हवा. २ किलोवॉटचा गीझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, ३ किलोवॉटचा १३. पिन किंवा सॉकेट काळवंडलं असेल, प्लास्टिक मऊ पडलं असेल, तर गीझर ठीक आहे आणि सांधा सैल आहे. सैल सांधा तापतो, तापला की अजून सैल होतो. नुसती पिन बदलून भागत नाही, सॉकेटही बदलावं लागतं, कारण जळक्या सॉकेटात नवी पिन महिन्याभरात जळते. वायर २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची आहे का, हे त्याच वेळी बघून घ्या. जुन्या इमारतीत दिव्यांच्या लाईनीवरून गीझरला वीज दिलेली मी दोनदा पाहिली आहे.

वीज पोचते आहे आणि तरी दिवा नाही, तर कट-आउट उडालेला असू शकतो. खालच्या झाकणाआड लहानसं बटण असतं. थर्मोस्टॅट अडकून पाणी फार तापलं की ते उडतं आणि हातानं दाबल्याशिवाय परत बसत नाही. एमसीबी पाडून झाकण काढा आणि ते एकदा दाबा. एकदाच. पुन्हा उडालं तर ते थर्मोस्टॅटबद्दल काहीतरी सांगतंय. काही जण कट-आउटच्या दोन टोकांना तार जोडून 'डायरेक्ट' करतात. असं केलेला गीझर सापडला तर तो मी लावत नाही, नुसता बंद करून येतो.

चौथी: घरभर अंधार होत असेल तर

आधी काय पडलं ते बघा. एमसीबी पडत असेल तर शॉर्ट किंवा जादा भार. आरसीसीबी, म्हणजे 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं ते, पडत असेल तर वीज कुठेतरी गळून अर्थिंगकडे चालली आहे. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडते. गीझरची पिन काढा, आरसीसीबी वर करा, बाकी घर चालवून बघा. टिकली तर दोषी गीझरच.

बऱ्याचदा ती लगेच न पडता चार-पाच मिनिटांनी पडते. त्यातूनच कारण कळतं. कॉइलवर क्षाराचा जाड थर बसला की आतली उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल स्वतःच भाजते आणि तिच्या वरच्या नळीला केसाएवढी चीर पडते. थंड असताना चीर मिटलेली असते, तापली की उघडते आणि पाणी आत जातं.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो. गीझरच्या पिनेतली अर्थिंगची वायर तोडली की आरसीसीबी पडायची थांबते. दहा मिनिटांत 'रिपेअर' होतं, माणूस पैसे घेऊन जातो. आता गळणारी वीज जायला वाट उरत नाही; ती गीझरच्या अंगावर आणि पाण्यात थांबते, आणि ओल्या जमिनीवर उभा माणूस तिची वाट होतो. दुरुस्तीनंतर आरसीसीबी टिकायला लागली तर काय बदललं हे विचारा, आणि पिन उघडून तिन्ही वायरी जागेवर आहेत हे डोळ्यांनी बघा. आरसीसीबी घरात नसेलच तर गीझरच्या आधी ती बसवा.

हातात मल्टिमीटर धरता येत असेल तर वीज बंद करून, दोन्ही वायरी सोडवून, कॉइलच्या दोन टोकांत रोध मोजा. २ किलोवॉटला साधारण २६ ओहम, ३ किलोवॉटला १७-१८. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. मग एक टोक आणि गीझरचा पत्रा यांत मोजा. इथे काहीही आकडा आला तर कॉइल बाद. आकडा नाही आला तरी ती चांगलीच आहे असं धरू नका, कारण साध्या मल्टिमीटरला बारीक गळती दिसत नाही. त्याला मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन रोध मोजणारा मीटर, लागतो. हे वाचताना गोंधळ उडाला असेल तर तुमचं काम इथे थांबलं. इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पाचवी: थेंब कुठून पडतोय

सगळे थेंब सारखे नसतात. गार पाण्याच्या तोंडावर जो पितळी व्हॉल्व्ह असतो, त्याच्या बाजूच्या बारक्या तोंडातून पाणी तापताना थेंब पडले आणि नंतर थांबले, तर ते ठीक आहे. पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की दीड टक्का फुगतं. १५ लिटरला ते पेलाभर होतं, आणि व्हॉल्व्ह पाणी मागे जाऊ देत नसल्यामुळे ते तिथून बाहेर पडतं. त्या तोंडाला पातळ नळी लावून ती खाली जाळीपाशी सोडा आणि विसरून जा.

पाणी थंड असतानाही सतत गळत असेल तर व्हॉल्व्हमध्ये कचरा आहे किंवा लाईनीचा दाब जास्त आहे. दाबाबद्दल लोकांची गंमत होते. त्रास वरच्या मजल्याला असणार असं वाटतं, पण गच्चीतल्या टाकीपासून जेवढं खाली यावं तेवढा दाब वाढतो, दर १० मीटरला साधारण १ बार. बारा मजली इमारतीत मध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल तर तळमजल्याच्या गीझरवर साडेतीन बारच्या आसपास कायमचा भार असतो. वरच्यांनी प्रेशर पंप बसवला असेल तर त्यांचा हिशोब वेगळा.

शेजारच्या विंगमध्ये एका प्लंबरनं हे गळणं थांबवायला त्या तोंडाला डमी ठोकली होती. शिट्टी काढून भोक बुजवलेला प्रेशर कुकरच तो, तोही आंघोळ करणाऱ्याच्या डोक्यावर. हे तोंड कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून बुजवू नका.

थेंब गीझरच्या पोटाखालच्या झाकणातून येत असेल तर बहुधा कॉइल ज्या पट्टीवर बसवलेली असते तिचं पॅकिंग गेलंय. ते स्वस्तात होतं. तांबूस पाणी पत्र्याच्या सांध्यातून पाझरत असेल तर टाकी फुटली. तिला वेल्डिंग करून देणारे भेटतात, पण वेल्डिंगच्या आचेनं आतलं काचेसारखं अस्तर जळतं आणि शेजारीच नवं भोक पडतं. टाकी फुटली की दुरुस्तीचा विषय संपला.

सहावी: उघडणं, म्हणजे मूळ दुखणं

वरच्या पाचही गोष्टी ठीक निघाल्या आणि तरी सूं आवाज, कोमट पाणी, लवकर विझणारा दिवा चालूच असेल, तर टाकी उघडायची वेळ आली. शाळेत 'दुष्फेन पाणी' शिकलो होतो ते हेच: साबणाला फेस येत नाही, आटवलं की भांड्याला पांढरं कवच. पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार तापवल्यावर बाहेर पडतो आणि सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवर आणि थर्मोस्टॅटच्या नळीवर बसतो. क्षारात गुंडाळलेल्या थर्मोस्टॅटला टाकीतल्या पाण्याचा अंदाज येत नाही. कॉइलजवळचं थोडं पाणी तापलं की तो वीज तोडतो. म्हणून दिवा पाच मिनिटांत विझतो आणि पाणी कोमट राहतं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. तपासायच्या पट्ट्या मिळतात. आपलं पाणी कुठे बसतं ते एकदा बघून ठेवा. धरणाचं पाणी येणाऱ्या घरात दोन-तीन वर्षांनी उघडलं तरी चालतं. आमच्याकडे दर वर्षी, पावसाळा संपल्यावर.

काम असं. एमसीबी पाडायचा, पिन काढायची, पाणी पूर्ण थंड होऊ द्यायचं. अँगल कॉक बंद करून गार बाजूची पाईप आणि व्हॉल्व्ह सोडवायचा, गरम नळ उघडा ठेवायचा, म्हणजे हवा जाऊन टाकी खालून रिकामी होते. खालचं झाकण काढून वायरींचा मोबाइलवर फोटो घ्या. हा फोटो न घेतल्यामुळे मी एकदा रात्री अकरापर्यंत दुसऱ्याच्या बाथरूममध्ये स्टुलावर बसलो होतो. मग पट्टीचे नट सोडवून कॉइल ओढायची. सहज निघत नाही, कारण क्षारानं ती भोकापेक्षा जाड झालेली असते. हळूहळू हलवा, लाकडी मुठीनं टोचा. पहिल्यांदा उघडाल तेव्हा वाट्यांनी मोजण्याइतका पांढरा भुगा खाली पडेल.

कॉइल सायट्रिक अ‍ॅसिडच्या, म्हणजे लिंबूसत्त्वाच्या, कोमट पाण्यात काही तास बुडवा. वायरी जोडायची टोकं पाण्याच्या वर राहू द्या. संडास साफ करायचं अ‍ॅसिड वापरू नका. ते क्षार झटकन काढतं खरं, पण धातूही खातं. आमच्या आजोळी तांब्याचा बंब दिवाळीआधी चिंचेनं घासायचे, अभ्यंगस्नानाच्या आदल्या दिवशी. आंबटाचं काम आंबटानंच, फक्त बंबाला कॉइल नव्हती.

कॉइलशेजारी एक करडा दांडा असतो, मॅग्नेशियमचा. टाकीच्या पोलादाला गंज धरायच्या ऐवजी हा स्वतः झिजतो, चंदनासारखा. दुरुस्तीला येणारे बरेच जण तो बघतही नाहीत. निम्म्याहून बारीक झाला असेल तर बदला. कॉइल, थर्मोस्टॅट, दांडा हे सगळे भाग शेकड्यांत येतात. टाकी गेली की खर्च हजारांत जातो. परत बसवताना पॅकिंग नवंच घाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं: टाकी पूर्ण भरून गरम नळातून सलग धार येईपर्यंत वीज लावू नका. कोरडी कॉइल मिनिटभरात जळते.

थर्मोस्टॅटचा खटका ७५ वर असेल तर ६० च्या आसपास आणा. जितकं तापवाल तितका क्षार लवकर बसतो. आणि बादलीत आधी गार पाणी, मग गरम, ही सवय घरात लहान मूल असेल तर आजच लावा; ६० अंशांचं पाणीही काही सेकंदांत भाजतं.

नट गंजून गोल झाले असतील, पट्टीचा बोल्ट तुटला असेल, वायरींचं आवरण कुरकुरीत झालं असेल, किंवा गीझर अजून वॉरंटीत असेल, तर स्वतः उघडू नका. वॉरंटीत कंपनीच्या माणसानंच उघडावा लागतो.

बदलायचं ठरलंच तर

माझा ठोकताळा: टाकी फुटली, किंवा दोन हिवाळ्यांत तिसरी दुरुस्ती आली, किंवा दुरुस्तीचा आकडा नव्याच्या किमतीच्या एक तृतीयांशावर गेला, तर बदला.

गीझर निवडणं तुलनेनं सोपं आहे. आयएसआय शिक्का, म्हणजे आयएस २०८२. त्याखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकून बघता येतो. उंच इमारतीत ८ बारला चालणारी टाकी. बीईईचे (वीज बचतीच्या लेबलावरचे) तारे हे पाणी किती झटपट तापतं याचे नसून तापलेलं पाणी किती टिकतं याचे असतात, त्यामुळे बटण लावून लगेच आंघोळ करणाऱ्याला त्यांचा फार फायदा नाही. उभा गीझर आडवा टांगू नका. आत कॉइलवर हवा राहते. वॉरंटीकार्डावर टाकीची वर्षं मोठ्या अक्षरांत असतात, कॉइलची वेगळी आणि कमी, आणि कठीण पाण्याबद्दलची अट बारीक अक्षरांत. ती दुकानातच वाचा.

बसवणारा निवडणं अवघड. फोनवर दोन मिनिटांत आकडा सांगणारा मला नको असतो. आधी घरी येऊन भिंत, वायर आणि अर्थिंग बघणारा हवा. भिंतीला टकटक करून "सिपोरेक्स आहे का वीट?" असं विचारणारा माणूस निम्मी परीक्षा तिथेच पास होतो. भरलेला २५ लिटरचा गीझर ३५ किलोच्या घरात जातो. सिपोरेक्सच्या भुसभुशीत ठोकळ्यात साधा फास्टनर काही महिन्यांत सैल होतो. तिथे त्या ठोकळ्यासाठीचे फास्टनर किंवा आरपार बोल्ट आणि मागे पट्टी लागते.

मी त्याला चार गोष्टी विचारतो. अर्थिंग कशानं तपासणार? "टेस्टर लावतो ना" हे उत्तर पुरेसं नाही. टेस्टरला फेज कळतो, अर्थिंग कळत नाही. नवा व्हॉल्व्ह देणार की जुनाच लावणार? खर्च सुटा लिहून देणार का: गीझर, व्हॉल्व्ह, कनेक्शन पाईप, फास्टनर, मजुरी? आणि जुना गीझर कुणाचा? हा प्रश्न कंजूषपणाचा वाटतो, पण जुन्या गीझरमधल्या तांब्याला भंगारात बरा भाव मिळतो, आणि तो मजुरीतून वजा करायला चांगला माणूस नाही म्हणत नाही. वायरिंगला हात लावावा लागणार असेल तर प्लंबरवर भागवू नका. परवानाधारक वायरमन किंवा विद्युत ठेकेदार लागेल. दोघांना एकाच वेळी बोलावलं तर "ते त्याचं काम" हे ऐकावं लागत नाही.

कंपनीचा माणूस हवा असेल तर नंबर वॉरंटीकार्डावरून घ्या. इंटरनेटवर शोधून पहिला सापडलेला 'कस्टमर केअर' खोटा असू शकतो. तो आगाऊ पैसे, ओटीपी किंवा मोबाइलवर कुठलं अ‍ॅप मागायला लागला की फोन ठेवा. शेजाऱ्यांकडे विचारताना "चांगला आहे का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "बसवल्यावर तक्रार आली तेव्हा आला का?" असं विचारा.

गॅस गीझर असेल तर

यात मी हात घालत नाही आणि तुम्हीही घालू नका. बंद बाथरूममध्ये गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो; त्याला वास नाही, रंग नाही. आंघोळ करताना डोकं जड होणं, गरगरणं, मळमळणं यातलं काहीही झालं तर दार उघडून बाहेर या, गॅस बंद करा, माणूस गळून गेला असेल तर ताबडतोब दवाखाना. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागीच हवा. ज्योत निळी न राहता पिवळी झाली तर त्या दिवसापासून वापर बंद, आणि गॅसचं काम अधिकृतपणे करणाऱ्यालाच बोलवा.

पैसे देण्याआधी

नवा गीझर बसला की माणसाला चहा पाजा आणि त्याच्यासमोर अर्धा तास चालवा. दिवा आपोआप विझतोय का, सांधे कोरडे आहेत का, व्हॉल्व्हचं बाजूचं तोंड मोकळं आहे का, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबल्यावर ती पडते का, हे बघा. बिलावर गीझरचा सीरियल नंबर लिहून घ्या. मग मार्करनं गीझरच्या अंगावर, दिसेल अशी, बसवल्याची तारीख लिहा. पुढच्या वर्षी दांडा बघायला माझ्यासारखा कुणी आला, की तो आधी तेच विचारतो आणि घरात कुणालाच आठवत नसतं.